नऊ दिवस मी हिरवा रंग सांगितला

गिरजानं आणि मी शेवटचं जे काम जोडीनं केलं, ते माठात पाणी टाकायचं.

आमच्या घरात ऊन पोचत नाही अशा कोपऱ्यात एक मोठा माठ आहे. त्यात नदीची रेती, रेतीत एक बारकं गाडगं, आणि गाडग्यात आमच्या पोरीच्या इन्सुलिनच्या बाटल्या. रेती ओली राहिली की आत थंड राहते. फ्रीज घ्यायची ऐपत नव्हती, आणि घेतला असता तरी गावात लाइन टिकत नव्हती. मी माठावरचं ओलं पोतं उचलून धरायचो आणि गिरजा लोट्यानं कडेकडेनं पाणी सोडायची. रोज सकाळी, चहाच्या आधी.

त्या सकाळी ती म्हणाली, "नीट धरा ना. पोतं धरता का म्हशीचं शेपूट धरता?"

मी म्हटलं, "चवदा वर्षांपासून धरून राह्यलो. आजच काऊन चुकलो?"

"चवदा वर्षांपासूनच चुकून राह्यले. मी आज बोलली, एवढंच."

मग ती धुणं घेऊन बोडीवर, गावच्या तळ्यावर गेली. दुपारी बायांनी तिला खाटेवर टाकून आणलं. छातीत कळ आली आणि पाण्याच्या काठीच बसली म्हणे. आरमोरीच्या दवाखान्यात नेईपर्यंत खेळ संपला.

मी चवथी शिकलेला माणूस. शेत दोन एकर, बाकी वर्षभर वडशाच्या राइस मिलमध्ये पोती उचलली. लिहायची सवय नाही. पण गावात येणाऱ्या नर्सबाईनं म्हटलं की तालुक्यात अशी आणखी लेकरं आहेत, त्यांच्या मायबापांना वाचायला द्यायचं आहे, तर जे झालं ते लिहा. म्हणून लिहितो. सुई पोरीला लागली, पण आजार आमच्या तिघांचा होता. त्या आजारात मी एक खोटं बोललो, आणि त्याची शिक्षा गिरजानं भोगली. हे पोरीला कसं सांगायचं, याच्यातच माझी सहा वर्षं गेली.

साखर आमच्या घरी येतच नव्हती

सुनंदा आठ वर्षांची होती तेव्हाची गोष्ट. उन्हाळा नव्हता, तरी पोरगी पितळी गुंडच्या गुंड पाणी प्यायची. रात्रीतून चार वेळा उठायची. जेवायची माझ्याएवढं आणि अंगावर मांस नाही. फ्रॉक खांद्यावरून घसरायचा. मोरीत तिनं लघवी केली की मुंग्यांची रांग लागायची. गिरजानं ते पाहिलं आणि मला म्हणाली, "हे काई बरं नाई." मी म्हटलं, "मुंग्या कुठीबी येतात."

पहिले झाडपाला केला. महिनाभर. मग एक दिवस पोरगी शाळेतच पडली, तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेली. डॉक्टरनं तपासून सांगितलं, हिला साखरेचा आजार आहे.

मला हसू आलं. मी म्हटलं, "साहेब, आमच्या घरी साखर येतच नाई. आमी गुळाचा चहा पितो."

डॉक्टर हसला नाही. म्हणाला, हिच्या पोटात इन्सुलिन बनत नाही, ते रोज बाहेरून टोचावं लागेल. मी विचारलं, किती दिवस? तो म्हणाला, कायमचं. गिरजानं पदर तोंडात धरला. मी बाहेर जाऊन भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. आत यायला मला अर्धा तास लागला. तोपर्यंत गिरजा नर्सजवळून सुई भरायला शिकली होती. मोसंबीला टोचून टोचून.

तिथूनच कामं वाटली गेली. सुई तिच्याकडे. औषध आणणं माझ्याकडे. वडशाला मिलमध्ये जात होतोच, तिथल्या औषधाच्या दुकानातून थर्मासमध्ये बर्फ घालून बाटल्या आणायचो. स्टेशनजवळ सोडावाटर विकणारे एक चाचा होते, ते बर्फ द्यायचे. पहिल्या दिवशी कशाला पाहिजे म्हणून विचारलं, मी सांगितलं. त्या दिवसापासून पैसे घेतले नाही. मी जबरदस्तीनं हातात ठेवले तर म्हणाले, "बेटी की दवा का बर्फ बेचूं क्या? चलो, बस निकल जाएगी."

लघवी तपासायची ती गिरजाच तपासायची. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात आठ थेंब लघवी, आणि दिव्यावर उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं झालं तर थोडी. पिवळं झालं तर जास्त. विटकरी झालं तर लई जास्त, त्या दिवशी सुई वाढवायची. चार रंग, न शिकलेल्या माणसालाही समजतात.

पदर येत नव्हता

पोरगी शाळेत हुशार निघाली. पण वाढ नव्हती. तिच्या बरोबरच्या पोरी बाया दिसायला लागल्या आणि आमची बारा वर्षांच्या पोरासारखी राहिली. छाती नाही, कंबर नाही. चवदा झाली, पंधरा झाली, सोळावं लागलं. पदर आला नाही.

आमच्याकडे पोरीला पहिल्यांदा पाळी आली की पाच बाया तिला हळद लावून न्हाऊ घालतात आणि मामाकडून लुगडं येतं. सुनंदाच्या मामानं तेराव्या वर्षीच हिरवं लुगडं आणून ठेवलं होतं. ते पेटीत पडून होतं. गिरजा दर उन्हाळ्यात काढायची, ऊन दाखवायची आणि घडी बदलून परत ठेवायची. शेजारणी पाहायच्या. एक जण बोलली, "लुगड्याले ऊन दाखवून का होते वो, पोट्टीले दाखव ना कोनाले."  गिरजानं घरात येऊन कणीक इतकी तिंबली की परात वाजली.

बापाला हे सगळं बोलता येत नाही. पण समजते. मी मिलमध्ये पोतं उचलायचो आणि मनात तेच. पोरीचं कसं होईल? हिचं घर वसेल का? हिला लेकरं होतील का? सुनंदानं एकदा आईला विचारलेलं मी भिंतीच्या अलीकडून ऐकलं. "आई, मी बाई होईन का नाई होईन?" गिरजा म्हणाली, "होशीन ना वो. घाई काऊन करून राह्यली?" 

मोहाचे लाडू

शेजारची भागाबाई म्हातारी, बाळंतपणं करायची. चांगली बाई. तिचा दोष मी देत नाही, तिला जे माहीत होतं ते तिनं सांगितलं. ती म्हणाली, रोजच्या सुईनं पोरीचं अंग थंड पडलं आहे, रक्त गोठलं आहे. अंगाला गर्मी पाहिजे. सुकलेली मोहफुलं भाजायची, तीळ भाजायचे, गूळ घालून कुटायचं आणि लाडू बांधायचे. सकाळ-संध्याकाळ एक. एकवीस दिवस. पदर येतेच.

गिरजा नाही म्हणाली. मोह म्हणजे नुसती साखर, हे तिला डॉक्टरनं सांगितलेलं होतं. मी भांडलो. आठ दिवस भांडलो. मी म्हटलं, "तुले पोट्टी बाई झालेली पाह्यची नाई का?" हे बोलायला नको होतं.

ती कबूल झाली, पण एका बोलीवर. रोज लघवी तपासायची. विटकरी रंग आला की सुई वाढवायची, आणि दोन दिवस सारखा आला की लाडू बंद.

ते मोह वेचायचे दिवस होते. गिरजा पहाटेच टोपली घेऊन जंगलात जायची, उन्हं चढल्यावर परत यायची आणि मग सुई द्यायची. म्हणून ते दिवस तपासणी मी केली. सुनंदा वाटीत लघवी ठेवून परत आडवी व्हायची. तिला वाटायचं, आई तपासूनच रानात जाते.

पहिल्या दिवशी रंग पिवळा आला, तो तसाच सांगितला. दुसऱ्या दिवशी विटकरी. मी भागाबाईला विचारलं. ती म्हणाली, "गर्मी वर येऊन राह्यली भाऊ, भ्यायचं नाई. एवढ्यात सोडलं तर सारं वाया."

गिरजा आली. डोक्यावरची टोपली उतरवायच्या आधी विचारलं, "कोणता?"

मी म्हटलं, "हिरवा."

नऊ दिवस ती विचारायची आणि मी हिरवा सांगायचो. नऊ दिवस नळीत भाजलेल्या विटेचा रंग होता, आणि मी ती नळी मोरीत ओतून धुऊन ठेवायचो. गिरजानं माझ्यावर विश्वास ठेवून सुई तेवढीच ठेवली. पोरगी पाणी लई पिते, असं ती म्हणाली. मी म्हटलं, ऊन किती पडून राह्यलं.

बेड नंबर चार

अकराव्या दिवशी सुनंदा उठली नाही. श्वास असा घ्यायची जशी पळत आली आहे. तोंडाला वास. मोहाची दारू गाळतात तिथून येतो तसा आंबूस-गोड वास. जीपमध्ये घालून जिल्ह्याला नेली. दारातल्या नर्सनं तोंडाजवळ नाक नेलं आणि माझ्याकडे पाहिलं. "पोरीला दारू पाजली का?"

दोन दिवस ती शुद्धीवर नव्हती. बेड नंबर चार. दोन्ही हातांत सलाईन. दर तासाला बोट टोचून रक्त घ्यायचे. आम्ही बेडखाली सतरंजी टाकून बसायचो, वॉर्डबॉय फरशी पुसायला आला की उठायचो. बाजूच्या बेडवर माडिया आदिवासी बाई होती, तिचा पोरगा तापानं फणफणत होता. तिची भाषा आम्हाला येत नव्हती, आमची तिला येत नव्हती. पण सकाळी तिनं आमच्यासमोर पानावर भात ठेवला. गिरजानं तिच्या पोराच्या कपाळावर ओली पट्टी बदलली.

त्या दोन दिवसांत मी देवाला काही मागितलं नाही. कोणत्या तोंडानं मागणार?

तिसऱ्या दिवशी सुनंदानं डोळे उघडले. बाई डॉक्टर आल्या. कडक होत्या. मी लाडवांचं सांगितलं. त्यांनी विचारलं, "लघवी तपासत होते ना? मग रंग कोणता येत होता? कोण पाहत होतं?"

मी गिरजाकडे पाहिलं. खोटं तिला त्याच घडीला समजलं. माझ्या तोंडावर लिहिलेलं असेल. मी तोंड उघडलं. त्याच्या आधी ती बोलली.

"मीच पाहत होती बाई. मले रंग समजला नाई."

डॉक्टर तिला लई बोलल्या. आठ वर्षांपासून तपासता आणि वीट आणि पान यातला फरक समजत नाही? पोरगी मेली असती. गिरजा खाली मान घालून उभी होती. बेडवरून सुनंदा तिच्याकडे पाहत होती. मी तिथंच उभा होतो. मी बोललो नाही.

नंतर व्हरांड्यात मी विचारलं, "असं काऊन केलं?"

ती म्हणाली, "पोट्टीनं तुमचं नाव आयकलं असतं तर तुमी तोंड लपवत फिरले असते. मंग वडशाहून औषध कोन आणल, तुमचा बाप?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "कधी तरी तिले तुमीच सांगजा. माया तोंडून नाई निघणार."

भरला नाही तो दाणा

घरी सोडायच्या आदल्या दिवशी बाई डॉक्टरनं आम्हा दोघांना बसवलं. त्या दिवशी रागात नव्हत्या. म्हणाल्या, "सुईनं पाळी थांबली नाही. सुई कमी पडत होती, म्हणून थांबली. इन्सुलिन नसेल तर जेवलेलं अंगाला लागत नाही. तिचं अंग लहानपणापासून उपाशी आहे. आणि उपाशी अंग पाळी सुरू करत नाही. डोक्यातून अंडाशयाला निरोप जातो, हार्मोनचा. तो निरोपच नीट जात नाही. अंडाशय आहेत तिला. फक्त वाढायचे राहिले."

मी धानवाला माणूस. लोंबी वरून हिरवी, उभी, पण दाबली तर आत दूध नाही. त्याला आम्ही पोचट म्हणतो. त्यात बियाचा दोष नसते. भरायच्या वेळी पोटाला मिळालं नसते. मला तसं समजलं.

गिरजानं एवढंच विचारलं, "मंग आता भरल का?"

"भरेल," डॉक्टर म्हणाल्या. "पण साखर सांभाळा."

दिवसातून दोन सुया झाल्या. पण त्या गिरजानं दिल्या नाही. घरी आल्यावर पहिल्याच सकाळी तिनं सुई भरली, तर सुनंदानं हात मागे घेतला. "ठेव. मीच घेईन. तुले रंगबी वळखू येत नाई." तेव्हापासून तपासणी तिची, सुई तिची. आईला दोन्हींतून काढून टाकलं. आईच्या हातचं जेवायचीही आधी विचारून. "यात गूळ नाई ना?" दरवेळी. समोर मी जेवत असायचो.

गिरजाकडे एकच काम उरलं. माठात पाणी टाकायचं.

पोरगी भरत गेली. गालावर मांस आलं, फ्रॉक तंग झाले. सतरा सरता सरता पाळी आली. ती तिनं आईला सांगितली नाही. भागाबाईला सांगितली. आमच्या गिरजाला ती बातमी शेजारच्या अंगणातून समजली. त्या दिवशी मी बोलायला पाहिजे होतं. गिरजानं पेटीतून लुगडं काढलं, पाच बाया बोलावल्या, पोरीला हळद लावली. सुनंदानं लावून घेतली, पण डोळे मिटून. बाया गाणी म्हणत होत्या. मी गोठ्यात जाऊन बसलो.

पुढचंही सांगतो, कारण ज्यांच्या पोरी लहान आहेत त्यांना माहीत पाहिजे. पाळी आली म्हणून सगळं सरळ झालं नाही. कधी दोन महिने नाही, कधी पंधरा दिवसांत. हनुवटीवर केस यायला लागले. पोरगी आरशापुढे रडायची. सोनोग्राफी केली, तर अंडाशयावर बारक्या बारक्या गाठी. बाई डॉक्टर म्हणाल्या, इन्सुलिन कमी असलं की अंडाशय निजून राहतात आणि बाहेरून जास्त गेलं की कधी कधी भलतेच हार्मोन वाढवतात. मधलं माप शोधावं लागते, ते दर पोरीचं वेगळं. लेकरं होतील का, विचारलं. होऊ शकतात, पण साखर आधी महिनोमहिने ताब्यात पाहिजे. त्यांनी खोटा धीर दिला नाही. एक स्थळ आलं होतं, सुईचं ऐकून गेलं. सुनंदा म्हणाली, "जाऊ द्या, चहा वाचला." आता ती अंगणवाडीत शिकवते.

सहा वर्षांत गिरजानं मला तीन-चार वेळा टोकलं. "सांगतलं का?" मी म्हणायचो, सांगतो. "मी मेल्यावर सांगसाल." मी म्हणायचो, "तुयाआधी मी जातो." ती म्हणायची, "तेवढं तरी वेळेवर करजा."

दुसऱ्या दिवशी

गिरजाला पोचवून आलो. घरात चूल नव्हती. सुनंदानं संध्याकाळची सुई घेतली नाही, जेवलीही नाही. भिंतीला टेकून बसली होती, तशीच पडली.

सकाळी भागाबाईनं पेज आणून ठेवली. सुनंदा म्हणाली, "मले नाई पाहिजे. सुईबी नाई पाहिजे." श्वास जरा जोरात चालत होता. मला बेड नंबर चार आठवला.

मी उठून वाटी तिच्यापुढे ठेवली. म्हटलं, "जा, लघवी आण." ती माझ्याकडे पाहत राहिली. पण गेली, आणली. मी दिवा पेटवला. नळी धरली. आठ थेंब मोजले. उकळलं. नळी तिच्या डोळ्यांपुढे धरली आणि म्हटलं, "विटकरी."

मग तिथंच उकिडवा बसून सांगितलं. मोहाच्या दिवसांत तपासायचो तो मी. आई जंगलात असायची. दुसऱ्या दिवसापासून असाच रंग यायचा. आई रोज विचारायची आणि मी हिरवा सांगायचो. डॉक्टरपुढे तिनं ते स्वतःवर घेतलं.

सुनंदा नळीकडेच पाहत होती. नळी थंड झाली.

मग म्हणाली, "नऊही दिवस?"

"नऊही दिवस."

"आणि आई मले गूळ आहे का म्हणून विचारू देत होती. सहा वर्षं."

मी म्हटलं, "हो."

ती उठली. माठावरचं पोतं बाजूला केलं, बाटली काढली, दोन तळहातांत फिरवली. सुई भरली, हवा काढली, माझ्याकडे पाठ करून मांडीत घेतली. पेजेचं भांडं पुढे ओढलं आणि चार घोट प्यायली. बाटली परत गाडग्यात ठेवली आणि पोतं घालायच्या आधी रेतीवर हात ठेवला.

"सुकली आहे," ती म्हणाली. "कालपासून कोनी पाणी टाकलं नाई."

मी लोटा घेऊन आलो. तिनं पोतं धरलं. मी गिरजासारखं कडेकडेनं सोडायला गेलो, पण मधातच सांडलं.

"कडेनं, बाबा," ती म्हणाली. "आई कडेनं टाकत होती."

मी कडेनं टाकलं.